प्रशिक्षक गेल्यावर काय उरतं?

१९ ऑक्टोबर २०२५च्या रात्री लिव्हरपूल स्वतःच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून २-१ असं हरलं. सलग चौथी हार. आदल्या मोसमात लीग जिंकलेला आणि उन्हाळ्यात नव्या खेळाडूंवर चाळीस कोटी पौंडांहून जास्त खर्च केलेला हा संघ. दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ उरकून फराळाला बसलो आणि माझा नि मामांचा जुना वाद पुन्हा निघाला: जिंकणारा संघ घडवतं कोण?

मामांनी आयुष्यभर कोल्हापुरात शाळेत पीटी शिकवली आणि संध्याकाळी पेठेतल्या तालमीच्या पोरांना फुटबॉल. मी पुण्यात सीए आहे. दिवसभर कंपन्यांचे ताळेबंद वाचते आणि आवडीने फुटबॉल क्लबांचे. लिव्हरपूल आम्हा दोघांचा संघ, पण प्रशिक्षक युर्गन क्लॉपने तिथे नेमकं काय केलं यावर आमचं कधी जमलेलं नाही. त्या दिवशीचं बोलणं लिहून काढावंसं वाटलं. आपल्याकडे संघ हरला की सगळं खापर प्रशिक्षकावर आणि जिंकला की सगळा गुलाल त्याच्यावर, आणि या दोन्हींत त्याचं खरं काम कोणी बघतच नाही.

मामा: तुझे चाळीस कोटी पौंड कुठं गेले गं काल?

मी: मोसमाच्या सुरुवातीलाच निकाल देऊ नका. शिवाय जुलैमध्ये दिओगो जोटा अपघातात गेला. रोज शेजारी बसून बूट बांधणारा माणूस गेला. त्याचा हिशेब ना माझ्याकडे आहे ना तुमच्याकडे.

मामा: खरंय. त्यावर बोलू नये. पण पैशावर बोल. तूच म्हणतेस ना, ज्याचा पगारखर्च मोठा तो वर?

मी: मी नाही, आकडे म्हणतात. स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञाने इंग्लिश क्लबांचे वर्षानुवर्षांचे हिशेब तपासले. लांब पल्ल्यात क्लब पगारावर किती खर्च करतो आणि लीगमध्ये कुठे संपवतो, यांचं नातं फार घट्ट आहे. एखादं वर्ष लेस्टरने लीग जिंकावी तसा चमत्कार होतो. तो चमत्कार वाटतो, कारण एरवी तसं होत नाही. आता तुमचा क्लॉप घ्या. २०१८च्या मेमध्ये कीवला चॅम्पियन्स लीगची फायनल. गोलरक्षक कारियसच्या हातून दोन घोडचुका झाल्या, रेआल माद्रिद ३-१ने जिंकलं. त्या चुका तुम्ही म्हणता त्या कुठल्या संस्कृतीने निस्तरल्या? उन्हाळ्यात रोमाकडून अ‍ॅलिसनला आणलं, साडेसहा कोटी पौंडांच्या वर मोजून. त्याआधी जानेवारीत व्हॅन डाइक, साडेसात कोटी. पैशाचा मोठा भाग बार्सिलोनाने कुटिन्योसाठी दिलेला. पुढच्या वर्षी कप आला.

मामा: युनायटेडनं पॉग्बाला किती दिले?

मी: आठ कोटी नव्वद लाख.

मामा: लुकाकू? मॅग्वायर?

मी: साडेसात आणि आठ कोटी. कळलं मला, कुठे नेताय ते. पण त्याच मॅग्वायरने काल शेवटच्या दहा मिनिटांत हेडर मारून आपल्याला हरवलं.

मामा: मारू दे. २०१३ नंतर लीग मिळाली का त्यांना? पैसा ओतणारे दोघं. मग फरक कशात?

मी: निवडीत. कुणावर पैसा लावायचा हे लिव्हरपूलने डोक्याने ठरवलं. इयन ग्रॅहम म्हणून माणूस आहे, केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. तो तिथे आकडेवारीचा विभाग बघायचा. क्लॉपला आणण्याआधी त्याने डॉर्टमुंडचा २०१४-१५चा मोसम तपासला. संघ सातवा आला होता, सगळे म्हणत होते क्लॉप संपला. ग्रॅहमचं गणित म्हणालं, संघ खेळला चांगला, नशिबाने दगा दिला. म्हणजे तुमच्या क्लॉपलासुद्धा आकड्यांनी पास केलंय. आणि सालाहचं तर तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ मध्ये क्लॉपच्या मनात जर्मनीचा युलियान ब्रांट होता. क्लबची खरेदी बघणाऱ्या मायकल एडवर्ड्सने आणि त्याच्या माणसांनी सालाहचा आग्रह धरला. सालाह आला आणि पहिल्याच मोसमात ४४ गोल केले. आता सांगा, संघ कुणी घडवला?

मामा: क्लॉपनं ऐकलं की नाही?

मी: ऐकलं.

मामा: झालं तर. अगं, जर्मनीत दोन वेळा लीग जिंकून आलेला माणूस. डॉर्टमुंडला देवासारखा मानलेला. त्याला ऑफिसातली पोरं सांगतात, तुम्ही म्हणता तो नको, हा घ्या. किती प्रशिक्षक ऐकतील? मी एवढी वर्षं या धंद्यात आहे. आमच्यात तर ‘मला शिकवतोस काय’ हे पहिलं वाक्य. प्रमुख माणसाला चारचौघांत खोडता येतं आणि खोडणाऱ्याची नोकरी जात नाही, हे ज्या क्लबात आहे तिथं वळण लागलंय असं समज. ते तुझ्या एडवर्ड्सनं एकट्यानं आणलेलं नाही. मान डोलवणारा वरचाच असावा लागतो.

इथे मी चहा आणायच्या निमित्ताने उठले. सालाहची गोष्ट मी नेहमी प्रशिक्षकाच्या विरोधातला पुरावा म्हणून वापरत आले होते, आणि ती मामांच्या पारड्यात इतक्या सहज पडेल असं वाटलं नव्हतं.

मामा: आणि तू मोठ्या खरेदीचंच बोलतेस. मला लहान गोष्टीत जास्त दिसतं. क्लॉप आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यानं मेलवुडच्या सराव केंद्रावरच्या सगळ्या कामगारांना खेळाडूंसमोर आणलं. स्वयंपाकघरातली, कपडे धुणारी, स्वागतकक्षातली माणसं. ही तुमच्यासाठी राबतात, यांची नावं ठाऊक असली पाहिजेत म्हणून. मग त्यानं थ्रो-इनचा वेगळा प्रशिक्षक आणला. टीव्हीवरची मंडळी हसली.

मी: थॉमस ग्रोनेमार्क. डेन्मार्कचा.

मामा: लांब थ्रोचा जागतिक विक्रम होता त्याच्या नावावर. सामन्यात चाळीस-पन्नास थ्रो होतात आणि जगातले सगळे संघ ते कसेही टाकून देत होते. क्लॉप उघड म्हणाला, मला यातलं येत नाही, येणारा माणूस हवा. खेळाडूंनी बघितलं की साहेबालासुद्धा शिकायला लाज वाटत नाही. मग विसाव्या वर्षीचं पोरगं कशाला लाजेल?

मी: मामा, नावं पाठ करणं, हात मिळवणं हे चांगलं वागणं झालं. त्याने गोल होत नाहीत. प्रत्येक हरणाऱ्या क्लबातही एखादा भला माणूस असतोच.

मामा: गोलावर येऊ. ७ मे २०१९.

मी: बार्सिलोना.

मामा: तिकडं ३-० हरून आलेलो. सालाह नाही, फिर्मिनो नाही. अ‍ॅनफिल्डवर आपण तीन गोल फेडले. एकोणऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर. अलेक्झांडर-अर्नोल्ड कोपऱ्यावर चेंडू ठेवून चालायला लागतो, जणू दुसरा कोणी येऊन मारणार आहे. बार्सिलोनाची माणसं पाठ करून उभी, एकमेकांशी बोलतायत. हा गरकन वळतो, मारतो, ओरिगी मोकळा. चौथा गोल.

मी: लाख वेळा बघितलाय.

मामा: त्याच्या आधीचं बघ. चेंडू बाहेर गेल्यावर लगेच दुसरा चेंडू त्याच्याकडं कसा आला? बॉल बॉयनं दिला. क्लबातल्या विश्लेषकांनी पहिल्या सामन्यात पाहिलेलं, ही बार्सिलोनाची मंडळी खेळ थांबला की पंचांशी हुज्जत घालतात, लक्ष जातं. तो निरोप बॉल बॉइजपर्यंत पोचवला होता: आज चेंडू ताबडतोब परत द्यायचा. तो बॉल बॉय क्लबच्याच अकादमीतला पोरगा. बघ, माहिती विश्लेषकाकडून निघाली, सीमारेषेबाहेरच्या शाळकरी पोरापर्यंत गेली, तिथून मैदानातल्या वीस वर्षांच्या पोरापर्यंत. आणि त्यानं बाकावर न बघता, कुणाला न विचारता मारला. आता हे काय सालाहच्या खरेदीत आलं होतं?

मी: विश्लेषकांनी शोधलं, म्हणजे माझीच बाजू.

मामा: विश्लेषक आज सगळ्यांकडं असतात. त्यांचे कागद बहुतेक ठिकाणी वाचून ठेवून देतात.

यावर मी थोडी नरमले हे मान्य करते. पण माझा खरा आक्षेप वेगळा होता आणि तो मी इतकी वर्षं मामांसमोर धड मांडला नव्हता. जिंकणाऱ्या संघाच्या कथा जिंकलेल्यांच्या तोंडून येतात. वळण लावताना जे बाहेर फेकले गेले, त्यांना कोणी विचारत नाही.

मी: ममादू साखो. आठवतो?

मामा: बचावपटू. फ्रेंच.

मी: क्लॉपच्या पहिल्या मोसमात संघाचा आधार. २०१६च्या वसंतात त्याच्यावर उत्तेजक चाचणीवरून कारवाई सुरू झाली. तो युरोपा लीगची फायनल हुकला, फ्रान्सकडून घरच्या मैदानावरची युरो स्पर्धा हुकला. जुलैमध्ये युएफाने प्रकरण फेटाळलं. तो पदार्थ बंदी असलेल्या यादीत बसतच नव्हता. म्हणजे काही दोष नसताना माणसाच्या हातून हे सगळं गेलं. त्याच महिन्यात संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. साखो विमानाला उशिरा आला, उपचारांच्या एका सत्राला आला नाही, संघाच्या जेवणाला उशिरा पोचला. क्लॉपने त्याला घरी पाठवलं आणि कारणं पत्रकारांना सांगितली. पुन्हा तो लिव्हरपूलच्या पहिल्या संघातून खेळला नाही. जानेवारीत क्रिस्टल पॅलेसला उसना दिला, मग विकला. नवा माणूस रुजायच्या आधी जुन्या एकाला उदाहरण म्हणून लटकवायचं, यालाच तुम्ही वळण म्हणता का?

मामा: तिन्ही वेळा बाकीचे वेळेवर आले होते.

मी: हे उत्तर नाही.

मामा: उत्तर आहे, फक्त पुरं नाही. ऐक. प्रशिक्षकाकडं असतं काय? खेळाडूचा पगार तो देत नाही, करार तो करत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट: उद्या कोण खेळणार. नियम फलकावर लिहून काही होत नाही. ड्रेसिंग रूममध्ये पंचवीस जण असतात आणि सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर, की नियम मोडणारा जर साहेबाच्या उपयोगाचा असेल तर साहेब काय करतो. राखीव पोराला घरी पाठवलं असतं तर कुणी दखलसुद्धा घेतली नसती. साखोची गरज होती, त्याच्याशिवाय बचाव लंगडा पडणार होता, लोकांचा तो लाडका होता. तरी पाठवला. क्लॉपनं स्वतःचं नुकसान करून घेतलं. त्या दिवसापासून उशिरा येण्याचा विषय संपला.

मी: नुकसान साखोचं झालं.

मामा: दोघांचंही. त्याचं जास्त.

मी: मग फर्ग्युसन आणि जिम लेटन? तिथे तर उशीरसुद्धा नव्हता.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. लेटन त्यांच्या तरुणपणीचा. तो भाग मीच सांगितला. मे १९९०. मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये तेराव्या स्थानावर संपलेलं, मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनकडे साडेतीन वर्षांत एकही चषक नाही. एफए कपची फायनल क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-३ अशी बरोबरीत सुटली आणि गोलरक्षक लेटन डगमगलेला दिसला. पाच दिवसांनी पुन्हा सामना. लेटन हा फर्ग्युसनचा जुना माणूस, अ‍ॅबरडीनला त्याच्या हाताखाली युरोपातला कप विनर्स कप जिंकलेला. फर्ग्युसनने त्याला बसवला आणि ल्यूटनकडून उसना आणलेला लेस सीली खेळवला. युनायटेड १-० जिंकलं. तो फर्ग्युसनचा तिथला पहिला चषक. पुढे एकूण अडतीस झाले. लेटनची युनायटेडमधली कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

मामा: मी असतो तर खेळवला असता लेटनला.

मी: म्हणजे?

मामा: खरं तेच सांगतो. माझ्याच्यानं झालं नसतं. आठ वर्षं ज्यानं आपल्यासाठी गोल अडवले त्याला फायनलच्या आधी बाजूला करायचं... फर्ग्युसन बरोबर होता, चषक मिळाला, सगळं खरं. पण तू म्हणतेस तेही खरं. हे काम करणाऱ्याला माणूस दुखावावा लागतो, आणि दुखावलेल्याचं नाव विजयाच्या फोटोत नसतं. लेटन पुढं सावरला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९९८च्या वर्ल्ड कपला, ब्राझीलसमोर स्कॉटलंडच्या गोलात उभा होता. मी मुद्दाम बघितला तो सामना. पण त्यात फर्ग्युसनचं श्रेय काही नाही.

मी: मग या दोन गोष्टींत फरक करा. साखोला काढलं ते नियमासाठी. लेटनला काढलं ते जिंकण्यासाठी. दोन्हींना एकाच वळणाच्या नावाखाली घालता येणार नाही.

मामा: करतो. साखोच्या वेळी बाकीच्यांना कळलं की काय केलं तर आपली जागा जाईल. लेटनच्या वेळी कळलं की काहीच न करताही जाईल. पहिल्यातून शिस्त येते. दुसऱ्यातून भीती. फर्ग्युसनकडं दोन्ही होतं. क्लॉपकडं पहिलं जास्त.

हे मला पटलं. मामांनी ते फर्ग्युसनचे भक्त असूनही म्हटलं, म्हणून जास्त पटलं. फर्ग्युसनने पुढे बेकहॅम, कीन, व्हॅन निस्टलरॉय एकामागून एक सोडले आणि प्रत्येक वेळी संघ उभा राहिला. त्याचं ते धारिष्ट्य खरंच मोठं आहे. पण प्रत्येक निर्णय एका माणसाच्या नजरेवर टेकलेला होता. आणि नजर घरी गेल्यावर काय झालं, ते आपण पाहिलं.

मी: मे २०१३ मध्ये फर्ग्युसन लीग जिंकून निवृत्त झाला. खेळाडू तेच, मैदान तेच, पैसा भरपूर. डेव्हिड मोयेस आला, दहा महिन्यांत गेला, संघ सातवा. तेव्हापासून लीग नाही. सव्वीस वर्षांचं वळण एका वर्षात पुसलं जातं का? पुसलं गेलं तर ते संघाला लागलेलं वळण नव्हतं, तो एका माणसाचा दरारा होता. उलट मे २०२४ मध्ये क्लॉप गेला. आर्ने स्लॉट आला. पहिल्या उन्हाळ्यात खेळाडू एकच मिळाला, किएझा, तोही फारसा खेळला नाही. तरी एप्रिलमध्ये टॉटनहॅमला ५-१ने हरवून लीग जिंकली. का? कारण खरेदी करणारे, आकडे बघणारे, अकादमी चालवणारे एका माणसावर अवलंबून नव्हते. क्लब ही एक संस्था आहे. संस्था टिकली.

मामा: आणि आता चार सामने हरली तीच संस्था.

मी: तुम्ही म्हणाला होता, जोटा गेल्यानंतरच्या या मोसमावर बोलायचं नाही.

मामा: बरं, मागं घेतो. पण स्लॉटला मिळालं ते कुणी ठेवलेलं? नोव्हेंबर २०१५ मध्ये क्रिस्टल पॅलेसनं शेवटी गोल केला आणि दहा मिनिटं शिल्लक असताना अ‍ॅनफिल्डची माणसं उठून घरी चालली. क्लॉप म्हणाला, मला एकटं पडल्यासारखं वाटलं. महिन्याभरानं वेस्ट ब्रॉमविरुद्ध ओरिगीनं अगदी शेवटी बरोबरी साधली. बरोबरी, जिंकणं नाही. तर क्लॉपनं सगळ्या खेळाडूंना हातात हात घालून कॉप स्टँडच्या समोर उभं केलं. टिंगल झाली, बरोबरीचा उत्सव करतात म्हणून. पण थांबलेल्या लोकांचे ते आभार होते. साडेतीन वर्षांनी बार्सिलोनाविरुद्ध ३-० मागं असताना घरी कोणी गेलं नाही. मालकानं स्टँड बांधला. त्यात माणूस शेवटपर्यंत बसवला कुणी?

मी: हे मान्य. तरीही माझा प्रश्न राहतो. प्रशिक्षक वळण लावतो, ठीक. ते टिकवायचं काम त्याचं नाही, त्याला जमणारही नाही. आपल्याकडेच बघा. २०१६-१७चं आयझॉल.

मामा: खालिद जमील! आता तू माझ्या मैदानात आलीस.

मी: मुद्दाम आले. खालिद जमील मुंबई एफसीला सात वर्षं होता. दर वर्षी थोडक्या पैशात संघ लीगमध्ये राखायचा. २०१६ मध्ये तिथून मोकळा झाला आणि मिझोरमला गेला. आयझॉल आदल्या मोसमात खालच्या वर्गात ढकललेलं, मग पुन्हा घेतलेलं. बरोबर मुंबईचे जयेश राणे, आशुतोष मेहता. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळूरू यांच्या पुढे त्यांचं बजेट म्हणजे चिल्लर. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा सुटला आणि मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून आयझॉलने आय-लीग जिंकली. माझं सगळं गणित त्या वर्षी खोटं ठरलं.

मामा: मग?

मी: मग पुढचं वर्ष. जमील ईस्ट बंगालला. राणे, मेहता आणि इतर दुसऱ्या क्लबांनी उचलले. आयझॉलने पुन्हा ती लीग कधी जिंकली नाही. पैशाशिवाय वळण लावता येतं, हे जमीलने दाखवलं. पैशाशिवाय ते राखता येत नाही, हेही त्याच आयझॉलने दाखवलं. म्हणून म्हणते, प्रशिक्षकाला चमत्काराचं श्रेय द्या, पण क्लबाला त्याची जबाबदारी झटकू देऊ नका. यंदा तर २०२५ची दिवाळी आली तरी देशातली वरची लीग, आयएसएल, सुरू कधी होणार हेच ठरलेलं नाही, क्लबांनी कामं थांबवली आहेत. अशा वेळी कुठल्या प्रशिक्षकाने कसलं वळण लावायचं?

मामा: यात मला काही खोडता येत नाही. जमील पुढं देशाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे त्याच्याकडं होतं ते त्याच्यापाशी राहिलं. आयझॉलकडं राहिलं नाही. बरं, आता तू सांग. जानेवारी १९९०. तू युनायटेडच्या संचालक मंडळावर आहेस. सप्टेंबरात मँचेस्टर सिटीनं ५-१ धुतलंय. लीगमध्ये महिना उलटला तरी विजय नाही. तीन वर्षांत चषक नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध कपचा सामना आहे, मार्क रॉबिन्सनं गोल मारून तो जिंकून द्यायचाय, पण ते तुला अजून ठाऊक नाही. फर्ग्युसनला ठेवशील?

मी: काढलं असतं.

मामा: कशावरून?

मी: निकालांवरून. खरेदीचा खर्च आणि गुण मांडले तर दुसरं उत्तर येत नाही.

मामा: रायन गिग्स तेव्हा किती वर्षांचा?

मी: सोळा.

मामा: कुठं होता?

मी: युनायटेडमध्येच. फर्ग्युसन त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला स्वतः घरी गेला होता त्याला आणायला.

मामा: १९८७च्या नोव्हेंबरात. स्वतःची खुर्ची हलत असताना मँचेस्टरभर नवे टेहळे नेमले, शाळेतली पोरं गोळा केली. बट, बेकहॅम, गॅरी नेव्हिल मागून आलेच. १९९२ला त्यांनी युवा कप जिंकला, १९९६ला मोठ्यांची लीग आणि कप. १९९० मध्ये यातलं काही तुझ्या ताळेबंदात होतं का?

मी: नव्हतं. स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूची किंमत ताळेबंदात धरतच नाहीत. विकत घेतला तरच ती दिसते.

मामा: म्हणजे मंडळावरच्या लोकांनी आणखी कुठंतरी बघितलं.

मी: युनायटेडचा जुना खेळाडू बॉबी चार्लटन होता त्या मंडळावर. तो बघत असणार.

मामा: तेवढंच म्हणतोय मी. तुझे आकडे टाकून दे असं नाही म्हणत. पण क्लबवर एक तरी माणूस असा पाहिजे जो हरलेल्या आठवड्यात कुमार संघाच्या सरावाला जाऊन उभा राहतो आणि येऊन मालकाला सांगतो, अजून दोन वर्षं थांबा. किंवा सांगतो, इथं काही नाही, आजच काढा.

मी: आणि त्या माणसाचं ऐकतील असे मालक?

मामा: तो तुझा विभाग.

मी: मग माझीही एक मागणी त्यात घाला. नियमासाठी काढलेला खेळाडू असो की जिंकण्यासाठी बसवलेला, त्याचा करार संपेपर्यंत त्याला सरावाची जागा, उपचार आणि पुढचा क्लब शोधायला मदत, हे लिहून द्यायचं. प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडायचं नाही.

मामा: लेटनसाठी?

मी: साखोसाठीसुद्धा.

मामा: घाल. त्याला माझी हरकत नाही. पण उशिरा आला तर विमान थांबवायचं नाही.